पहिलं घर कोरं

सोलापूर, रविवार, ता. ९ आक्टोबर १९७७

आप्पा,

वैनी ही चिट्टी वाचून दावत आसंल, तर तिच्या हातातनं घ्या आन् तुमीच वाचा. सावकाश वाचा, मी बी सावकाशच लिवतीया. सातवीत शाळा सुटल्यापास्नं एवडं लिवायला मी आजच बसलीया.

श्रावणात मी शिदीला कडंवर घिऊन इचलकरंजीला, सोलापूर सोडून तुमी दादाकडं गेलात तितं, तुमच्या दारात आले, तवा तुमी पानी बी न पाजता मला एसटी स्टँडवर आनून सोडलंत. म्हनलात, "दिलीया तितं जा. न्हायतर मला मेलीस." मी तितं गेले न्हाय. मेले बी न्हाय. सोलापुरात शिवबाई आत्याकडं हाय. तुमची भन हाय, पर ती तुमास्नी काय बोलली ते मी लिवत न्हाय.

सासरी मला पटलं न्हाय. एवडंच समजा.

गनपती उठल्यावर शिदीचा बाप, चनमल्लप्पा, दोन मानसं घिऊन हितं आला हुता. दारात हुबा राहून वरडला, "पोरगी आमची हाय! हिला हिच्या बापानं टाकली, ही काय पोर संबाळनार?" शिदी आत्याच्या लुगड्याआड. मग आत्यानं बसप्पा मालकास्नी बोलवून आनलं. तुमी त्यास्नी वळखता, जातीतल्या पंचांत थोरलं. त्यांनी दोनी बाजूचं आयकलं आन् सांगितलं: "संक्रांतीनंतरच्या सोमवारी पंच बसू. तवर हिला कायमचं काम लागलं, आन् हिच्या बापानं हिच्या पाठीशी शब्द टाकला, तर पोर आईजवळ. दोनीतलं एक जरी नसलं, तर पोर बापाकडं."

कामाचं मी बगते. शब्द तुमचा हाय.

काम मिळालंया, पर तीन म्हयने बगून मग ठिवायचं का न्हाय ते ठरवनार. काय काम ते फुडल्या चिट्टीत लिवते. आता हात दुकायला लागला.

तुमची ईरम्मा

&nbsp;

सोलापूर, रविवार, ता. ३० आक्टोबर १९७७

आप्पा,

उत्तर न्हाय आलं. चालंल.

काम कसलं ते आयका. तुमास्नी हसू ईल. मी भोकं पाडते. तुमच्यावानी.

स्टेशनाजवळ एका माडीवर हापीस हाय. पयलं मी तितं झाडायला लागले हुते. तितं चार मशिनी, टायपाच्या मशिनीवानी, पर बटन दाबलं की शाई लागत न्हाय, कार्डाला भोक पडतं. एका पोरीचं लगीन ठरलं, ती गेली. धारूरकर सर म्हनून सायेब हायत, त्यांची मशिन रिकामी. मी झाडू हातात धरूनच म्हनलं, "सर, मी बसू का?" त्यांनी इचारलं, "इंग्रजी येतं?" म्हनलं, "वाचता येत न्हाय. आकार समदे वळखते." ते हसले. मग काय मनात आलं त्यांच्या, एक कागद दिला, म्हनले, "हा उतरव." मी उतरवला. एक चूक न्हवती.

कशी आसंल? ल्हानपनी तुमच्या शेजारी बसून मी काय बगत हुते? तुमास्नी तेलुगू येत न्हाय, उर्दू येत न्हाय, तरी चादरीवर त्या अक्षरांत नावं इनायची म्हनली की तुमी चौकटीच्या कागदावर घरं मोजून मागावर चढवायचे जेकार्डचे भोकांचे पत्ते पाडायचात. तुमीच म्हनायचात, "मागाला वाचता येत न्हाय. त्याला भोक हाय का न्हाय, एवडंच कळतं."

सर तेच सांगत्यात बगा! एका कार्डावर ऐंशी घरं. एका घरात एक अक्षर. अशी अक्षरं एकामागं एक लावली की त्याला सर 'स्ट्रिंग' म्हनत्यात. म्हंजी दोरी. मला तर ती तुमच्या पत्त्यांची माळच वाटती. "काम्पुटरला तुजा बाप रुद्रप्पा कोन ते म्हाईत न्हाय," सर म्हनले. "त्याला पयल्या घरात काय, दुसऱ्यात काय, एवडंच दिसतं."

काम्पुटर हितं न्हाय, पुन्याला हाय. सर कार्डांच्या पेट्या रेल्वेनं घिऊन जात्यात आन् छापलेल्या याद्या घिऊन येत्यात. तिकडं काम्पुटरनं काय करायचं त्याचा हुकूम बी सरच लिवत्यात, आन् तो बी कार्डावर भोकं पाडूनच द्यायचा.

आमाला आता एका मिलच्या दवाखान्याचं काम हाय. कामगारांची नावं पाडायची. नावाला चोवीस घरं. नाव, मग एक घर कोरं, मग बापाचं नाव, मग कोरं, मग आडनाव. मॅट्रिक झालेल्या दोघी हायत, त्या कोऱ्या घराला इसरत्यात. त्यास्नी वाटतं कोरं म्हंजी काय न्हायच. सर वरडत्यात, "मोकळी जागा पन जागा धरती! तिला पन मोजा!" मी कधी इसरत न्हाय. कोऱ्या पत्त्यानं बी माग एक टप्पा फुडं जातो, हे मला पाचव्या वर्सापास्नं म्हाईत हाय.

आन् नाव चोवीस घरांत मावलं न्हाय तर फुडचं कापून जातं. तवा मला माज्या लग्नाची चादर आठवली. तुमी पट्टीत नवऱ्याचं नाव इनलं हुतं, 'चनमल्लप्पा', मोठ्या अक्षरांत. मी इचारलं, "आप्पा, माजं नाव कुटं?" तुमी म्हनलात, "पट्टीत मावत न्हाय गं." आता मला कळतंया की एका कार्डात मावलं न्हाय तर दुसरं कार्ड घेत्यात, आन् त्याच्यावर तोच नंबर टाकत्यात, म्हंजी दोनी एकाचंच म्हनून कळतं. दुसरी पट्टी घेता आली आसती आप्पा. रागानं लिवत न्हाय. म्हाईत झालं म्हनून सांगितलं.

मागच्या चिट्टीत मी लिवलं, सासरी पटलं न्हाय. ते अर्दं लिवलं. खरं हे हाय: शिदीला अजून तीन पुरी न्हाईत, आन् त्यांनी तिची सोयरीक केली. माज्या नंदंच्या पोराशी. तो बारा वर्साचा. घरात पेडं वाटलं, मला सांगितलं बी न्हाय. शिदीच्या हातात पेडा, आन् ती हसतीया. नंद म्हनली, "आता ही माजी. धाव्या वर्सी घिऊन जाईन. शाळंची कटकट नगो." मी त्याच आठवड्यात निगाले.

माजी शाळा सुटली तवा मी काय बोलले न्हाय. हिची सुटू देनार न्हाय.

तुमची ईरम्मा

&nbsp;

सोलापूर, रविवार, ता. २७ नोव्हेंबर १९७७

आप्पा,

दिवाळी झाली. आत्यानं शिदीला नवा परकर शिवला. आत्या दिसभर दारात बसून इड्या वळती आन् पोरीवर नजर ठिवती. तिला सांगून ठिवलंय की कोन बी आलं, बाप जरी आला, तरी हात सोडायचा न्हाय. परवा कोपऱ्यावर सायकल टेकून माजा दीर हुबा हुता. नुसता बगत हुता. मी कामाला गेले, पर जिन्याच्या पायऱ्या चढताना तीनदा मागं बगितलं. मला लई भ्या वाटतं आप्पा. शिदीम्होरं मी हसते.

हापिसात एक घोटाळा झालाय.

दवाखान्याची यादी पुन्यास्नं छापून आली. हुकूम आसा हुता की मिलकडची जुनी यादी आन् आमी पाडलेली कार्डं ताडायची, दोनीकडं जे नाव सारकं निगंल त्याचा दवाखान्याचा पास काडायचा. तर अकराशे नावांचा कुटंच मेळ लागला न्हाय. सगळ्याच्या सगळ्या एकाच बाईच्या पेटीतली. सर म्हनत्यात, नावं तर बराबर दिसत्यात, मग काम्पुटर न्हाय का म्हनतंय? कुनाची कार्डं ते अजून त्यांनी काडलं न्हाय. मशिन बिगडली आसंल, आसं एक बाई म्हनली.

आमच्याच चाळीतली गोजरबाई, तिचा नवरा कोंडीबा त्या मिलात साच्यावर हाय. तिच्या धाकट्याला ताप भरला. दवाखान्यात गेली, तर तितला मानूस म्हनला, "यादीत नाव न्हाय. फुडं चला." पोराला कडंवर घिऊन ती भर उनात सरकारी दवाखान्यापत्तर चालत गेली. घरी आल्यावर मला म्हनती, "तुज्या हापिसातल्या बाया झोपत्यात काय गं?"

मी म्हनलं, "मशिनीचं काय सांगावं."

पोर बरं हाय आता.

ईरम्मा

&nbsp;

सोलापूर, बुधवार, ता. ७ डिसेंबर १९७७

आप्पा,

ती बाई मीच.

दुपारच्या सुट्टीत हापिसात कोन न्हवतं, तवा मी ती छापलेली यादी घिऊन बसले. अक्षरवारीनं लावलेली हुती, इंग्रजी 'ए'पास्नं फुडं. पर माज्या पेटीतली नावं 'ए'च्या बी वर हुती. समद्यात वर, आवतान आल्यावानी. बगत बसले, बगत बसले, आन् मग बोट धरून वरनं खाली आले. माजं परत्येक नाव बाकीच्यापेक्षा एक घर आत सरकलेलं हुतं.

मला तवाच कळलं.

आप्पा, तुमी नवी नक्षी धरली की पयला पत्ता कोरा ठिवायचात. भोक पाडायचात न्हाय. त्याला कुंकू लावायचात आन् म्हनायचात, "पयलं घर सिद्दरामाचं. आपलं दुसऱ्यापास्नं." मी बी परत्येक कार्डाचं पयलं घर कोरं सोडत आले. एक बटन दाबून मनात सिद्दरामाचं नाव घ्यायचं, मग नाव पाडायचं. सकाळपास्नं सांजपत्तर. मला वाटलं माजी बोटं त्यामुळंच चुकत न्हाईत.

सर एकदा बोलले हुते, माज्या ध्यानात आलं न्हाय. काम्पुटर दोन नावं ताडतंय म्हंजी काय करतंय? पयलं घर पयल्याशी, दुसरं दुसऱ्याशी, तिसरं तिसऱ्याशी. मिलच्या यादीत कोंडीबाच्या पयल्या घरात 'के'. माज्यात कोरं. झालं, न्हाय म्हनलं. फुडं बगतच न्हाय ते. आन् त्याच्या लेखी कोरं घर समद्या अक्षरांच्या आदी येतं, म्हनून माजी मानसं समद्यात वर.

मोकळी जागा पन जागा धरती. दुसऱ्या बायास्नी हसत हुते मी.

आता काय करू? सरांना अजून कळलं न्हाय. कोरं डोळ्याला दिसत न्हाय, म्हनून कुनाला सापडना. मी गप बसले तर मशिनीवर जाईल, आन् सर चौघीतल्या दोघीच ठिवनार हायत, त्यात मी बसंन. बोलले तर झाडू. आन् झाडनारीचं काम कायमचं न्हाय, मग संक्रांतीनंतर पंच काय म्हनतील ते तुमास्नी ठावं हाय.

गोजरबाईनं आज मला वाटीभर शेंगाची चटनी आनून दिली. मला ती खाववली न्हाय.

तुमी आसता तर काय केलं आसतं? एकदा चादरीच्या मोराचं डोकं उलटं आलं हुतं, तवा तुमी मालकाच्या घरी सोता गेला हुता. मी बरूबर हुते. तुमचा हात घामानं वला हुता, मला आठवतंया.

उद्या सांगते मी.

ईरम्मा

&nbsp;

सोलापूर, रविवार, ता. १८ डिसेंबर १९७७

आप्पा,

सांगितलं.

सरांनी आदी चष्मा काडला, पुसला. मग म्हनले, "देवाचं घर? अकराशे कार्डांवर देवाचं घर?" बाजूच्या बाया फिदीफिदी हसल्या. एक म्हनली, "हिच्या देवानं काम्पुटरलाच दर्शन दिलं की." सर म्हनले, "पुन्याला मशिनीवर वेळ मिळवताना माज्या नाकी नऊ येत्यात. आता ही समदी परत पाडायला दोन आठवडे. मिल थांबंल का?"

मी म्हनलं, "सर, आमच्या आप्पांची माळ एक पत्ता फुडं सरकली तर ते समदी माळ तोडत न्हवते. एक पत्ता वडून घ्यायचे. तुमच्या हुकमात आसं लिवता येत न्हाय का, की पयलं घर कोरं दिसलं तर दुसऱ्यापास्नं धर?"

सरांनी मग टेबलाचा खन वडला, कागद घेतला, आन् लिवायला लागले. मधीच म्हनले, "दुसऱ्यापास्नं धर, आन् शेवटी एक कोरं जोड. म्हंजी चोवीस पुरी. आता झाडू घिऊ नगोस हातात, हितं थांब."

मी थांबले. आन् थांबल्या थांबल्या दुसरंच टोचलं. म्हनलं, "सर, पर ज्याचं नाव चोवीस घरांचं हाय, त्याचं शेवटचं अक्षर पंचविसाव्याला गेलं आसनार. तितं तर नंबराचा रकाना लागतो. ते अक्षर पडलंच न्हाय."

सरांनी पेन खाली ठिवला.

सरकवून कोरं काडता येतं आप्पा. पर जे पडलंच न्हाय ते कुटनं वडून आननार? तितं हुकूम चालत न्हाय, हातच लागतो.

म्हनून मागच्या रविवारी हापिसाची किल्ली मागून घेतली आन् सकाळी सातला गेले. शिदीला बरूबर नेलं, घरी ठिवायचा धीर झाला न्हाय. तिला खराब कार्डं दिली खेळायला. ती भोकांतनं एक डोळा लावून मला बगत हुती. अकराशे कार्डं मी एकेक करून खिडकीकडं धरली. चोविसाव्या घरात उजेड दिसला की बाजूला. तुमी पत्ता तपासायचात तसंच. एकाहत्तर निगाली. ती कागदाशी ताडली, तर अडतीस नावांचं शेवटचं अक्षर गेलेलं, बाकीची नेमकी तितंच सपत हुती. आडनाव पाटील आसून नुसतं 'पाटी' राह्यलेलं, आसं. ती अडतीस नवी पाडली. पयल्या घरापास्नं.

पयल्या घरापास्नं पाडताना बोट सवयीनं कोऱ्या बटनाकडं गेलं. सिद्दरामाला म्हनलं, तू आता मशिनीच्या बाहेर बस बाबा. मग मशिनीच्या पायाला हात लावून सुरवात केली.

सर शुक्रवारी पुन्यास्नं आले. समदी नावं जुळली. कोंडीबाचं बी. पास मिळाल्यावर मी गोजरबाईला जाऊन खरं सांगितलं. तिनं मला लई शिव्या दिल्या, तुमास्नी लिवता येनार न्हाईत आशा. मग म्हनली, "आता रडू नगोस उगीच. च्या घे."

मला ठिवतील का न्हाय, सर काय बोलत न्हाईत.

तुमी येताय का आप्पा? नुसतं 'ईरम्मा माजी हाय' एवडं म्हनायचं. लई ल्हान दोरी हाय.

ईरम्मा

&nbsp;

सोलापूर, रविवार, ता. ८ जानेवारी १९७८

आप्पा,

मला ठिवलं. शिक्क्याचा कागद मिळालाय. आत्यानं तो पिठाच्या डब्यात लपवलाय.

भोकं पाडायला न्हाय, तपासायला. दुसऱ्यांची कार्डं मी बगायची. त्या दोघी मॅट्रिकवाल्यांतली एक गेली, ती माज्याशी बोलली बी न्हाय. सरांना मी इचारलं, "एवडी चूक करून बी मला का ठिवलं?" ते म्हनले, "तुजी चूक तुज्याशिवाय कुनाला दिसलीच नसती. मग आता दुसऱ्यांच्या बग."

दोनीतलं एक झालं. दुसरं तुमच्याकडं हाय.

आठ दिस राह्यलेत. दीर आता रोज कोपऱ्यावर आसतो. काल त्यानं शिदीला हाक मारून हरबऱ्याचा डहाळा दाखवला. ती निगाली हुती. आत्यानं इड्यांचं सूप तसंच टाकलं आन् धावली. पानं समद्या गल्लीत उडाली.

तुमी आला न्हाईत तर मी पंचांम्होरं एकटी हुबी राहीन. घाबरून पळनार न्हाय. पर त्यांनी पोर द्यायला सांगितली, तर मी देनार न्हाय, आन् मग मला जात बी न्हाय आन् गल्ली बी न्हाय. हे मी ठरवलंय. तुमास्नी आदी सांगावं म्हनून लिवलं.

ईरम्मा

&nbsp;

सोलापूर, मंगळवार, ता. १७ जानेवारी १९७८

आप्पा,

तुमी आला न्हाईत. काल सकाळच्या गाडीला मी स्टँडवर गेले हुते, शिदीला घिऊन. इचलकरंजीच्या गाडीतनं समदी उतरली, गाडी रिकामी झाली, तरी मी चाकाजवळ हुबी. कंडाक्टर म्हनला, "बाई, आत आता नुसती शिटं हायत." मग मागनं त्यो हाक मारतोय, "ओ बाई, ईरम्मा कोन? शिवबाईच्या चाळीतली?" आन् टपावरनं एक गठुडं काडलं त्यानं. तागाच्या पोत्यात शिवलेलं. टाका तुमचा हुता, मी वळखला. तितंच फोडायचा धीर झाला न्हाय. चिट्टी आसंल म्हनून वरनं चाचपलं. नुसतं मऊ लागलं.

मनात म्हनलं, कापड धाडलं आन् मानूस न्हाय. झालं तर मग.

मठाच्या पडवीत पंच बसनार हुते. सतरंजी कमी पडली. आत्या म्हनली, "ते गठुडं फोड, काय आसंल ते आंथर." मी दातानं टाका तोडला. नवी कोरी चादर, निळी. घडी मोडून मी ती आंथरायला लागले आन् पट्टी वर आली.

आप्पा, मी तितंच खाली बसले.

बसप्पा मालक बसायला वाकलेले, ते तसेच ताठ झाले. म्हनले, "थांबा. कुनी पाय ठिवू नका. नाव हाय ह्याच्यावर." आन् काठी टेकत टेकत त्यांनी मोठ्यानं वाचलं. वरच्या पट्टीत शिदीचं पुरं नाव, 'सिद्धम्मा ईरम्माची'. खालच्या पट्टीत, 'ईरम्मा रुद्रप्पाची'.

चनमल्लप्पा म्हनला, "हिचा बाप कुटंय? मानूस आला न्हाय. चादर काय बोलतीया व्हय?"

बसप्पा म्हनले, "बोलतीया. तुला आयकू येत नसंल तर परत वाचतो."

"काय बी इनंल म्हातारा! बाजारात मिळती आसली."

तवा बसप्पा मालक त्याच्यावर तापले. "रुद्रप्पानं ह्या गावात चाळीस वर्सं पत्ते पाडले. तुज्या लग्नाच्या चादरीवर तुजं नाव कुनी काडलं? तवा तो शब्द चालला, आन् आता चालत न्हाय? अरं, तोंडानं बोललेलं मानूस फिरवतो. हे फिरवायचं तर समदं उसवाय लागंल." मग माज्याकडं वळले, "कामाचा कागद?" मी दिला. त्याला पीठ लागलं हुतं. ते झटकून त्यांनी वाचला आन् म्हनले, "दोनी झालं. पोर आईजवळ ऱ्हाईल. बापानं जत्रंला, सनाला यावं, बगावं, खाऊ आनावा. सोयरिकीचं ती शिकून मोठी झाल्यावर तीच सांगंल."

नंदंनं लई बोटं मोडली. चनमल्लप्पा जाताना शिदीजवळ थांबला. मी तिचा हात धरूनच हुते. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठिवला आन् गेला. कोपऱ्यावरची सायकल आज न्हाय. तरी मी जिन्यावर एकदा मागं बगितलंच. ती सवय जाईल सावकाश.

घरी आल्यावर चादर निवांत बगितली. खालच्या पट्टीत शेवटाला जागा कमी पडलीया तुमाला. 'ची' बारीक झालीया, अंगचोर बसल्यावानी, पार किनारीला टेकलीया. पर तुमी ती कापली न्हाय. मी त्याच्यावर किती येळ हात फिरवत हुते.

आन् वरच्या पट्टीत सुरवातीला एक घर कोरं ठिवलंय तुमी. तुमची रीत. कापडावर ती चालती. मी माज्या मशिनीवर आता तसं करत न्हाय, पर तुमचं बगून बरं वाटलं.

वैनीला सांगा, फुडल्या सोमवारी शिदीला बालवाडीत घालनार हाय. नाव लिवताना तितल्या बाई इचारतील, तवा काय सांगायचं ते मला आता म्हाईत हाय.

शिदीला मी तिचं नाव दाखवलं. तिनं एकेका अक्षरावर बोट ठिवलं. मग कोऱ्या घरावर ठिवलं आन् इचारलं, "अव्वा, हितं कोन?"

मी म्हनलं, "देव बसतो तितं. आन् आज्जा आला की देव जरा सरकंल."

तवापास्नं ती चादरीवर बसताना तेवडी जागा सोडून बसती.

ईरम्मा रुद्रप्पाची